दुधातलं कॅल्शियम आणि बीजातलं कॅल्शियम

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आई, तू फोनवर विचारलंस, स्त्रीबीज फळायला कॅल्शियम लागतं तर आधीच गोळ्या का देत नाहीत? मूलद्रव्य तेच गं, पण गोळी हाडांसाठी. बीजात कॅल्शियम निरोप्याचं काम करतं आणि त्याचा साठा बीजापाशी आधीच असतो. गोळ्या खाऊन तो निरोप निघत नाही.

पेशीबाहेरच्या द्रवात जेवढं कॅल्शियम असतं, त्याच्या साधारण दहा हजारावा हिस्साच पेशीच्या आत मोकळा असतो. उरलेलं पेशी पंपांनी बाहेर फेकते, नाहीतर आतल्या जाळीदार पिशव्यांत कोंडते. म्हणून जरासं सुटलं तरी सगळ्या बीजाला कळतं.

पक्व स्त्रीबीज दुसऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या अर्ध्यावरच अडून बसलेलं असतं. शुक्राणू नुसता डीएनए आणत नाही, डोक्यात पीएलसी झीटा नावाचं विकरही (एन्झाइम) आणतो. कार्डिफच्या संशोधकांनी ते २००२ साली दाखवलं. हे विकर एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करतं, त्यातला आयपी-३ हा तुकडा पिशव्यांची दारं उघडतो आणि कॅल्शियम उसळतं. पंप ते पुन्हा आवरतात, पुन्हा उसळी येते. उंदरात साधारण दर १० मिनिटांनी, माणसात २० ते ३० मिनिटांनी, असं काही तास चालतं आणि बीजाचं आणि शुक्राणूचं अशी दोन केंद्रकं दिसू लागली की थांबतं. मधल्या काळात बाहेरच्या द्रवातून साठा भरत राहावा लागतो, नाहीतर उसळ्या विझतात.

बाबा, ही उसळी डोळ्यांनी पाहता येते. १९७७ साली मेडाका या जपानी माशाच्या अंड्यात जेलीफिशचं चमकणारं प्रथिन घालून ती पाहिली गेली. शुक्राणू शिरतो त्या टोकापासून उजेडाची पट्टी निघून दुसऱ्या टोकाला जाते. तिथे लाट एकदाच येते, आपल्यासारखी वारंवार नाही.

पहिल्या उसळ्यांनीच बीजाच्या कडेचे कण फुटतात, बाहेरचं कवच बदलतं आणि दुसऱ्या शुक्राणूला वाट बंद होते. विभाजन रोखून धरणारं प्रथिनही नष्ट होतं, पण ते पुरतं उरकायला उसळ्या चालू राहाव्या लागतात. एखादीच दुबळी उसळी आली तर बीज जागं होऊन मध्येच पुन्हा अडतं.

इक्सी या प्रयोगशाळेतल्या फलनाच्या पद्धतीत शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. त्याआधी शेपूट सुईने दाबतात, ती नुसता वळवळाट थांबवायला नाही. शुक्राणूचं आवरण फाटलं तरच विकर बाहेर येतं. १६ ते १८ तासांनी दोन केंद्रकं दिसली म्हणजे फलन नीट झालं. तीन दिसली तर तो गर्भ वापरत नाहीत. एकही नाही, तर अडलं कुठे ते शोधायचं. कधी बीज अपक्व असतं, कधी सुईने आवरण भेदलेलंच नसतं, कधी शुक्राणूत पीएलसी झीटा नसतं किंवा बिघडलेलं असतं. गोल डोक्याच्या शुक्राणूंत हे हमखास आढळतं.

तेव्हा आई, फलन झालं नाही की सगळे बाईच्या बीजाकडे बोट दाखवतात, ते सोडा. नमुन्यात संख्या आणि हालचाल उत्तम असली तरी हे विकर नेहमीच्या वीर्यतपासणीत मोजतच नाहीत.

अशा वेळी इक्सीनंतर बीजं कॅल्शियम आयनोफोरच्या, म्हणजे कॅल्शियमला पेशीच्या आवरणातून वाट करून देणाऱ्या रसायनाच्या, द्रवात साधारण १० ते १५ मिनिटं ठेवतात आणि नीट धुऊन घेतात. त्याने एकच मोठी उसळी येते, नैसर्गिक ताल नाही, तरी बऱ्याचदा काम भागतं. आधीच्या खेपेला फलन शून्य किंवा अगदी कमी झालं असेल तरच हे करावं, सरसकट नव्हे. अपक्व बीजाला त्याचा उपयोग नाही, आणि गर्भ तिसऱ्या दिवशी ८ पेशींवर येऊन पुढे अडत असेल तर कारण बहुधा दुसरीकडेच असतं.

गोळ्या तू तुझ्या हाडांसाठी घेत राहा, जेवणाबरोबर.

तुमची,
मोठी