पीएलसीच्या इन्स्ट्रक्शन पाठ करून मशीन कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या करिअरच्या पानावर अधूनमधून ऑटोमेशन कोर्सबद्दल लिहून येतं, त्यात ठरलेलं वाक्य असतं की पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) सगळ्या इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधल्या आज्ञा, शिकवल्या जातात. मी पीएलसीवर चालणाऱ्या मशीनच्या मेंटेनन्समध्येच काम करतो आणि मला खटकतं ते हेच "सगळ्या इन्स्ट्रक्शन". मुलं येतात, टायमर, काउंटर, मूव्ह, कंपेअर, सेट, रिसेट धडाधड सांगतात, सिम्युलेटरवर दिवा लावून दाखवतात, पण वायर निघाली तर काय होईल किंवा लाईट जाऊन परत आली तर काय होईल एवढं विचारलं की गप्प. माझं म्हणणं इतकंच आहे की प्रत्येक इन्स्ट्रक्शन शिकवताना हे दोन प्रश्न तिथल्या तिथे शिकवा, नंतर "सेफ्टी" नावाच्या शेवटच्या धड्यात नको, तो धडा तसाही घाईत उरकतात.

सगळ्यात सोपं उदाहरण स्टॉप बटणाचं. स्टॉप बटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड, न दाबता जोडलेल्या) कॉन्टॅक्टवर जोडतात, म्हणजे न दाबता इनपुट कायम ऑन असतो, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये त्याच्यासाठी एनओ (नॉर्मली ओपन, इनपुट ऑन असला की चालू) कॉन्टॅक्ट टाकावा लागतो. नवा मुलगा ड्रॉइंगवर एनसी बघतो आणि प्रोग्रॅममध्येही एनसी टाकतो, मशीन काही सुरू होत नाही, मग तो प्रोग्रॅम सुधारायच्या ऐवजी बटणाची वायर एनओवर टाकतो आणि सगळं छान चालायला लागतं, स्टार्ट होतं, स्टॉप होतं, सगळे खूश. पुढे कधीतरी व्हायब्रेशनने ती वायर टर्मिनलमधून निसटते आणि कुणाला पत्ताही लागत नाही, कारण तुटलेली वायर आणि न दाबलेलं बटण पीएलसीला सारखंच दिसतं. स्टॉप दाबतात तेव्हाच कळतं की मशीन थांबत नाहीये. एनसीवर जोडलं असतं तर वायर निघाल्याबरोबर मशीन उभं राहिलं असतं. (इमर्जन्सी स्टॉप हा वेगळाच विषय, तो साध्या पीएलसी प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवायचाच नसतो, त्याला सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी लागतो.)

दुसरं म्हणजे लॅच, म्हणजे बटण सोडल्यावरही आउटपुट चालू ठेवणं. मोटर चालू ठेवायचे दोन रस्ते, एक जुना होल्डिंगचा, स्टार्टला समांतर आउटपुटचाच कॉन्टॅक्ट, आणि दुसरा सेट-रिसेट, म्हणजे एक इन्स्ट्रक्शन बिट ऑन करून ठेवते, दुसरी तो बंद करते. स्क्रीनवर दोन्ही सारखेच चालतात म्हणून मुलांना वाटतं सेट सोपं, एका ओळीत काम. पण लाईट जाऊन आल्यावर होल्डिंग सुटलेलं असतं, परत स्टार्ट दाबावं लागतं. सेट केलेला बिट मात्र मेमरीत टिकणारा असेल तर लाईट आल्याबरोबर मोटर आपोआप फिरायला लागेल, आणि तेव्हा कुणाचा हात आत असेल ते पीएलसीला कसं कळणार. बिट टिकतो की नाही हे मेकवर, म्हणजे पीएलसी कुठल्या कंपनीचा त्यावर अवलंबून, ॲलन ब्रॅडलीत ओटीएल (त्यांची लॅच इन्स्ट्रक्शन) टिकतो, मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये कुठला एम नंबर (मेमरी बिट) घेतला त्यावर ठरतं, सीमेन्समध्ये रिटेन (मेमरी टिकवायच्या) सेटिंगवर. इन्स्ट्रक्शनच्या यादीत यातलं काहीच नसतं.

मुळात घोळ होतो कारण लॅडर (पीएलसीची शिडीसारखी दिसणारी भाषा) दिसते रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, सर्किटसारखी. ती तशी मुद्दाम केलेली आहे, 1968 मध्ये जनरल मोटर्सला रिलेची भलीमोठी पॅनेलं बदलायची होती आणि त्यातून मॉडिकॉन 084 हा पीएलसी आला, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बघता क्षणी समजेल अशी भाषा हवी होती. पण रिले सगळे एकाच वेळी काम करतात, पीएलसी मात्र आधी इनपुट वाचतो, मग ओळीमागून ओळ प्रोग्रॅम चालवतो, मग आउटपुट लिहितो, आणि हेच चक्र, म्हणजे स्कॅन, सेकंदात कितीतरी वेळा. हे डोक्यात बसलं नाही तर काय होतं बघा, बटण दाबल्यावर एक मिळवायचा म्हणून साधी ॲड इन्स्ट्रक्शन टाकली, स्कॅन 10 मिलिसेकंदांचा आणि बोट अर्धा सेकंद बटणावर, तर एकाच्या जागी 50 मिळवले जातात. तिथे वन-शॉट (बटण दाबल्यावर फक्त एकाच स्कॅनला चालणारी इन्स्ट्रक्शन) लागतो. एकच कॉइल (आउटपुट ऑन-ऑफ करणारं चिन्ह) दोन ठिकाणी लिहिली तर बहुतेक वेळा शेवटची ओळ जिंकते आणि वरची ओळ ऑन दिसत असूनही आउटपुट बंद, यावर अख्खी शिफ्ट जाते. सबरुटीन (प्रोग्रॅमचा वेगळा तुकडा) कॉल करायचं बंद केलं तर आतली कॉइल बंद होत नाही, शेवटच्या स्थितीतच राहते, हे तर अनुभवी लोकांनाही चकवतं.

टायमरचंही तेच. एफएक्समध्ये टी0 या टायमरला के50 (म्हणजे 50 ची गणती) दिलं तर 5 सेकंद, टी200 ला तेच के50 दिलं तर अर्धा सेकंद, कारण एकाचा टाइम बेस 100 मिलिसेकंद आणि दुसऱ्याचा 10. प्रोग्रॅम कॉपी करताना कुणी नंबर बदलला की सिलेंडर दहापट लवकर बाहेर येणार.

काही जण म्हणतील, आता आयईसी 61131-3 हे पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, 1993 पासून आहे, मग मेकचा प्रश्न कुठे. तर त्यात भाषा ठरल्या आहेत, पण आपलं स्टॉप बटण कसं जोडायचं आणि लाईट आल्यावर मोटर फिरावी की नाही हे ठरवणं शेवटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडेच येतं. आणि त्यातली इन्स्ट्रक्शन लिस्ट ही भाषा 2013 च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवली तरी तिच्यात प्रोग्रॅम केलेल्या जुन्या मशीन आजही चालू आहेत, त्या दुरुस्त करणार कोण हा प्रश्न राहतोच.

म्हणून विनंती की कोर्सबद्दल छापाल तेव्हा इन्स्ट्रक्शन किती शिकवतात यापेक्षा हे विचारा की डेमो किटवर मशीन चालू असताना इनपुटची वायर काढून दाखवतात का, सप्लाय बंद करून परत देऊन दाखवतात का. ॲडमिशन घेणाऱ्यांनीही फी भरायच्या आधी एवढं करून बघायला सांगावं, पाच मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक वाचक