पॅरिसची मलमल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

मागच्या काळात एकदाच जायला मिळालं तर कुठे जाशील, असं विचारलं होतंस. फोनवर उत्तर दिलं नाही, कारण ते लांबलचक आहे. मी पॅरिसला जाईन. तारीखही ठरलेली आहे: १२ मार्च १८३२, संध्याकाळी, ल पेलतिए रस्त्यावरच्या ऑपेरात. आणि आठवडाभरात परत येईन, कारण त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली. तुझी आई हौशी असली तरी वेडी नाही.

त्या रात्री ‘ला सिल्फिद’ (वाऱ्यातली परी) हे बॅले पहिल्यांदा रंगमंचावर आलं. बसवलं होतं फिलिप्पो तालियोनी यांनी आणि परीचं काम केलं त्यांच्या मुलीने, मारीने. बापाने तिला व्हिएन्नात रोज सहा-सहा तास घोटून घेतलं होतं. तिचे खांदे जरा वाकलेले, हात लांब. मग त्यांनी तिला किंचित पुढे झुकून, हात अलगद गोल ठेवून उभं राहायला शिकवलं आणि दोष झाकले. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला की मी आतून पट्टी घालून दोन्ही सारखे दाखवते ना, तसंच. गंमत म्हणजे पुढे सगळ्या युरोपातल्या मुली, खांदे चांगले सरळ असतानाही, तशाच झुकून उभ्या राहायला लागल्या.

पण मला बघायचाय तो कपडा. प्रेक्षकांतल्या बायका तेव्हा खांद्यापाशी फुगवलेल्या बाह्या घालून बसलेल्या असणार. त्या बाह्या बसू नयेत म्हणून आत पिसांच्या छोट्या गाद्या भरत. अशा सगळ्या गर्दीसमोर ती आली ती उघड्या खांद्यांनी, अंगाला चपखल बसलेल्या पांढऱ्या चोळीत, पाठीला लहानसे पंख लावून. खाली पोटरीपर्यंत येणारा पांढऱ्या मलमलीचा घेर, थरावर थर. मलमल म्हटलं की आपल्याला ढाका आठवतो, पण तोवर ढाक्याचे माग बसत चालले होते आणि लँकेशायर-स्कॉटलंडच्या गिरण्यांची मलमल युरोपभर खपत होती. पुढे टार्लटन नावाचं विरळ विणीचं, खळ दिलेलं सुती कापडही आलं. ते नुसतं लोंबत नाही, उभं राहतं. उडी मारली की घेर वर जातो आणि पाय जमिनीला लागले तरी तो क्षणभर वरच राहतो. बघणाऱ्याला वाटतं, बाई अजून हवेतच आहे.

जोडे तर हातात घेऊन बघेन. साटिनचे, तळाला चामड्याची अरुंद पट्टी, डावा-उजवा भेद नाही. आजच्यासारखं पुढे टणक खोकं नव्हतं. अंगठ्याच्या टोकाला आणि कडांना धाग्याने दाट रफू केलेलं असायचं. आधार म्हणायचा तो एवढाच, बाकी सगळं पायाच्या बळावर. मुक्ता, तो रफू मला दिव्याखाली धरून बघायचाय. १८४२ साली ती रशियातून निघाली तेव्हा तिथल्या रसिकांनी म्हणे तिचे जोडे विकत घेतले, शिजवले आणि रस्सा घालून खाल्ले! खरंखोटं देव जाणे. इंग्लंडात तिच्या नावाचा ओव्हरकोट निघाला, हे मात्र खरं. आणि तो घालायचे पुरुष.

१८३८ मध्येही जरा डोकावून येईन. त्या वर्षी पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी पॅरिसला गेल्या होत्या, त्यांचे वादकही बरोबर होते. अम्मणी नावाची त्यांतली एक सगळ्यांच्या नजरेत भरली. बार नावाच्या शिल्पकाराने तिचा छोटा ब्राँझ पुतळा केला. त्याने मारी तालियोनीचाही केला होता. पॅरिसकरांना हिंदुस्थानी नर्तकी आधी माहीत होती ती मारीने रंगमंचावर साकारलेली, म्हणजे पांढऱ्या घेरातली. खऱ्याखुऱ्या समोर नाचून गेल्या, लोकांनी वाहवा केली. तरी १८७७ मध्ये नृत्यदिग्दर्शक पेतिपांनी रशियात पीटर्सबर्गला ‘ला बायादेर’ (म्हणजे हिंदुस्थानी देवळातली नर्तकी) हे बॅले बसवलं, तेव्हा मेलेल्या नर्तकींच्या सावल्या उतरणीवरून रांगेने उतरल्या त्या पुन्हा पांढऱ्या घेरातच. नाच सुंदर आहे, वाद नाही. पण आपल्याकडची नऊवारी किंवा तिकडची कांजीवरम नेसून बाई किती छान नाचते ते पेतिपांना कोणी दाखवायला हवं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे होते. ज्योत कमी-जास्त करता यायची, म्हणून रंगमंचावर चांदणं पाडता आलं आणि पांढरा रंग खुलला. पण त्या ज्योती उघड्या होत्या, आणि विरळ सुती कापड म्हणजे आगीला आमंत्रणच. लंडनला १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टर भर प्रयोगात पेटली आणि गेली. पॅरिसमध्ये कार्तरों नावाच्या माणसाने कपडे तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवून न पेटणारे करायची रीत काढली. कापड वाचायचं, पण कडक आणि मळकट पिवळं दिसायचं. एमा लिव्री ही मारी तालियोनीची लाडकी शिष्या. ती नाही म्हणाली. पहिल्या प्रयोगांना मी माझ्या नेहमीच्याच घेरात नाचणार, असं तिने १८६० मध्ये लेखी कळवलं.

१५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीच्या वेळी विंगेत बसताना चुरगळू नये म्हणून तिने घेर वर उचलून झटकला. त्या वाऱ्याने ज्योत फडफडली आणि कापडाला लागली. ती पेटती रंगमंचावर धावली. आठ महिने तिने भोगलं आणि जुलै १८६३ मध्ये ती गेली. वीस वर्षांची होती. त्या दुखण्यातही ती म्हणाली होती म्हणे की, ते कपडे सुरक्षित असतील, पण कुरूप आहेत. परत नाचले तरी घालणार नाही.

शिवणारी बाई म्हणून मला तिचं पटतं. तुरटीच्या पाण्यातून काढलेली मलमल मीसुद्धा नाक मुरडून बाजूला ठेवली असती. पण तिची आईही ऑपेरातलीच नर्तकी होती, कापडाची पारख तिलाही असणार. त्या पत्रावर सही करताना मुलीचा हात तिने का धरला नाही, हे मला काही केल्या सुटत नाही.

तुमच्या कार्यक्रमात दुसऱ्या नाचाला मुली हातात पेटती निरांजनं घेणार आहेत असं तू ओझरतं बोललीस. घेर नायलॉनच्या नेटचे आहेत ना? ते नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. सेलवरची निरांजनं आण. शोभा जाते म्हणून तुझ्या मॅडम कुरकुरतील, कुरकुरू देत. हवं तर माझं नाव सांग.

चोळ्यांची मापं इंचात पाठव, गेल्या वेळी सेंटीमीटरमध्ये लिहून घोळ घातलास. पाठीला हुक नको, नाडीच घालते, म्हणजे आयत्या वेळी सैल-घट्ट करता येईल. आणि प्रत्येकीचं खांद्याचं माप दोन्ही बाजूंचं वेगवेगळं घे.

तुझी,
आई