नळी लांब म्हणून गोळी लांब जाते असे नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांचा हरणांच्या शिकारीवरचा लेख वाचला. पेनसिल्व्हेनियातली थंडी, पहाटेची शांतता, अंगावरचे भडक नारिंगी जाकीट हे वर्णन त्यांनी छान केले आहे, आणि ज्या देशात मोसम ठरवून, परवाना घेऊन, कायद्याने शिकार होते तिथल्या पद्धतीबद्दल माझी काही तक्रार नाही. खटकले ते एकच वाक्य. यजमानांनी हाती दिलेल्या २६ इंची नळीच्या रायफलीचे कौतुक करताना, नळी जितकी लांब तितकी गोळी लांब आणि अचूक जाते, असा सिद्धांतच त्यांनी सांगून टाकला आहे. मी सैन्यात आर्मरर म्हणून सव्वीस वर्षे काढली. म्हणजे गोळ्या झाडण्यापेक्षा, ज्या रायफलींच्या गोळ्या भलतीकडे जातात त्या दुरुस्त करण्यातच माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगतो, या वाक्याचा अर्धा भाग खरा पण जुना आहे आणि उरलेला अर्धा कधीच खरा नव्हता.

खरा पण जुना भाग आधी घेतो. अठराव्या शतकात त्याच पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेली आणि पुढे ‘केंटकी रायफल’ म्हणून प्रसिद्धीस आलेली शिकारी बंदूक होती. तिची नळी सहज ४० इंचांच्या पुढे जाई. दस्ता जमिनीला टेकवून उभी केली तर तोंड माणसाच्या हनुवटीपाशी यावे, एवढी. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकाही अशाच लांबलचक असत. ही काही हौस नव्हती. काळ्या दारूचा दाब मुळातच कमी, आणि तो वाढवावा तर त्या काळचे लोखंड टिकायचे नाही. तेव्हा आहे त्या दाबाने गोळीला नळीत शक्य तितके लांब ढकलत नेणे, हाच वेग वाढवण्याचा मार्ग उरत होता. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि हे गणित बदलले. सवय मोडायला मात्र आणखी वीस वर्षे लागली. ब्रिटिश सैन्याची जुनी ली-एनफिल्ड ३०.२ इंच नळीची होती; १९०३-०४ च्या सुमारास तिच्या जागी २५.२ इंच नळीची आखूड ली-एनफिल्ड आली, तेव्हा त्या काळच्या पट्टीच्या नेमबाजांनी बरीच ओरड केली. पुढे दोन महायुद्धे त्या ‘आखूड’ रायफलीने काढली आणि आपल्या पोलीस ठाण्यांमध्येही ती कित्येक दशके उभी होती. जर्मनांनीही आपली २९ इंची माउझर हळूहळू ६० सेंटिमीटरवर, म्हणजे साडेतेवीस इंचांवर आणली. शिकारी रायफलींच्या नळ्या आज बहुतेक २० ते २६ इंचांच्या दरम्यान असतात, त्या याच वाटेने आलेल्या आहेत.

आता दारू पेटल्यावर नळीत काय होते ते पाहू. आजच्या काडतुसातला दाब गोळी पहिल्या काही इंचांत असतानाच शिखराला पोहोचतो आणि तिथून उतरू लागतो. मागचा दाब नळीच्या घर्षणापेक्षा जास्त आहे तोवर गोळीचा वेग वाढत राहतो, पण पुढचा प्रत्येक इंच आधीच्या इंचापेक्षा कमी देतो. .३०८ विंचेस्टर हे हरणाच्या शिकारीतले अतिशय प्रचलित काडतूस घ्या. १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी २४ इंची नळीतून सेकंदाला सुमारे २,८०० फूट वेगाने निघते. नळी एक इंचाने कमी-जास्त केली तर वेगात साधारण २० ते २५ फुटांचा फरक पडतो. म्हणजे २६ इंचांची नळी २२ इंचांवर आणली तर ८० ते १०० फूट गेले. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण रायफल शंभर मीटरवर जुळवून घेतली असेल तर दोनशे मीटरवर गोळी जास्तीची उतरते ती एक सेंटिमीटरही नाही आणि तीनशे मीटरवर जेमतेम तीन. हरणाचे हृदय-फुप्फुस जिथे असते तो भाग एका छोट्या ताटाएवढा, वीसेक सेंटिमीटर रुंद असतो. आणि आपले लेखक ज्या झाडीत बसले होते तिथे त्यांच्याच सांगण्याप्रमाणे साठ-सत्तर पावलांपलीकडचे दिसत नव्हते. तिथे हे वरचे चार इंच गोळीच्या काही कामाचे नव्हते.

तेच चार इंच दुसऱ्या काडतुसाला मात्र लागतात. .३०० विंचेस्टर मॅग्नममधून सुटणारी गोळी त्याच व्यासाची असते, पण तिच्यामागे .३०८ मधल्या पंचेचाळीसेक ग्रेनच्या जागी सत्तरेक ग्रेन दारू असते. एवढी दारू त्याच बारीक भोकातून निभावून न्यायची तर नळी लांबच हवी. इथे इंचामागे तीस फुटांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक वेग जातो आणि जो वेग गोळीला मिळत नाही तो नळीच्या तोंडाशी जाळ आणि आवाज होऊन बाहेर पडतो. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीला मॅग्नम घेऊन जाणारा माणूस २६ इंची नळी बाळगतो तेव्हा तो शहाणपणाच करतो, कारण तिथे अंतरही मोठे असते आणि मध्ये झुडूपही आडवे येत नाही. तीच रायफल वीस इंचांवर कापली तर जास्त दारूचे काडतूस विकत घेऊन त्यातले बरेचसे हवेत उडवल्यासारखे होईल. उलट टोकाला .२२ च्या छोट्या ‘रिमफायर’ काडतुसाची गोळी: तिची दारू इतकी थोडी की १६ ते १८ इंचांतच तिचे काम आटोपते आणि त्यापुढे नळी वाढवली तर घर्षणाने वेग उलट कमी होऊ लागतो.

अचूकतेचा भाग कधीच खरा नव्हता, असे मी वर म्हटले. तरी त्यात एक मेख आहे आणि लेखकाच्या यजमानांची समजूत बहुधा तिथूनच आली असावी. दुर्बीण नसलेल्या रायफलीवर नेम धरण्यासाठी असलेली मागची खाच आणि नळीच्या तोंडाजवळची पुढची माशी यांतले अंतर जितके जास्त तितकी डोळ्याची चूक लहान होते. हिशेब सोपा आहे. खाचेपासून माशी ५० सेंटिमीटरवर असेल आणि ती अर्धा मिलिमीटर बाजूला धरली गेली, तर शंभर मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर ६५ सेंटिमीटर असेल तर पावणेआठ. आमच्या जुन्या पिढीने लांब रायफलीवर जीव लावला त्याला हे कारण पुरेसे होते. पण इथे नळी काही अचूक झालेली नसते, नेम धरणारा होतो. रायफलीवर दुर्बीण चढली की हा फायदा त्याच क्षणी संपतो, आणि लेखातल्या छायाचित्रात रायफलीवर दुर्बीण स्पष्ट दिसते आहे.

खुद्द नळीपुरते बोलायचे तर आखूड नळी जास्त ताठ असते. बार होताना पोलादाची नळी थरथरते, अगदी छडी हलवल्यासारखी, आणि सारख्याच जाडीच्या दोन नळ्यांमध्ये लांब नळीची थरथर मोठी असते. ती जाड करावी तर वजन वाढते. पण लांबीपेक्षाही जास्त महत्त्वाचे असते ते नळीचे तोंड. माझ्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्याकडे .३१५ ची परवान्याची रायफल आहे. तिच्या गोळ्या एकाएकी डावीकडे जाऊ लागल्या. दुर्बीण बदलली, स्क्रू आवळले, काडतुसे बदलली, काही उपयोग होईना. मी भिंग लावून पाहिले तेव्हा तोंडाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा ठोका दिसला. स्वारी रायफल साफ केल्यावर ती तोंडावर उलटी धरून घराच्या जांभ्याच्या पायरीवर उभी करीत असे. पिळांची, म्हणजे गोळीला फिरकी देण्यासाठी नळीच्या आत कोरलेल्या खाचांची, कड एका बाजूने दबली की मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि बाहेर पडणाऱ्या गोळीला ऐन दारात धक्का देतो. रीतसर परवानगी काढून, परवानाधारक कारागिराकडून त्यांनी नळीचा पुढचा अर्धा इंच उतरवून तोंड नव्याने घडवून घेतले, आणि त्या अर्ध्या इंचाने आखूड झालेल्या रायफलीचा नेम पूर्वी कधी नव्हता इतका चांगला बसू लागला.

याचा अर्थ आखूड तेवढे चांगले असा कोणी काढू नये. सध्या ती एक फॅशन झाली आहे आणि तिचाही मला तितकाच कंटाळा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी जंगलातल्या लढाईसाठी ली-एनफिल्डची एक हलकी आवृत्ती काढली, तिला ‘जंगल कार्बाइन’ म्हणतात. नळी अवघी १८.८ इंच, वजन सव्वातीन किलोच्या आत. खांद्याला अडकवून झाडीतून वाट काढायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. पण काडतूस मूळ लांब रायफलीचेच, .३०३. नळीच्या तोंडाशी जाळ इतका मोठा होई की त्यावर नरसाळ्यासारखे झाकण बसवावे लागले आणि धक्का असा की त्यासाठी दस्त्याला रबर लावले, तेही इतके अरुंद की खांद्यात रुतावे. मी प्रशिक्षणात असताना एकदाच ती चालवली. कान संध्याकाळपर्यंत वाजत होते. रायफलीचा आवाज तसाही कानाला कायमची इजा करणाऱ्या १४० डेसिबलच्या मर्यादेपलीकडचा असतो. नळी आखूड केली की दोन गोष्टी एकदम होतात: तोंडाशी वायूचा दाब जास्त उरतो आणि ते तोंड आपल्या कानाच्या जवळ येते. लांब नळीचा हा एक मोठा गुण आहे आणि तिचे गोडवे गाणाऱ्यांना तोच आठवत नाही. फिनलंड-नॉर्वेकडचे शिकारी आता सर्रास सायलेन्सर लावतात. तो पुढे सहा-आठ इंच वाढतो, म्हणून तिथे मुळातच आखूड नळीची रायफल घेतात. तो हिशेब मला पटतो.

लांब नळीचे तोटे झाडीत शिरल्यावर समजतात. खांद्यावर पट्ट्याने अडकवलेल्या रायफलीचे तोंड डोक्याच्या वर येते आणि प्रत्येक फांदीला अडते. मचाणावर बसलेल्या माणसाला ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवताना खांबाला लागते, आणि हरीण तेवढ्या ठक् आवाजाने निघून जाते. अमेरिकेतल्याच १८९४ च्या विंचेस्टर रायफलीचे उदाहरण पाहावे. ती २६ इंची आणि २० इंची अशा दोन्ही नळ्यांत मिळत असे. झाडीत हरणामागे फिरणाऱ्यांनी आपलीशी केली ती २० इंची. दुसऱ्या बाजूने, पुढे थोडे वजन असलेली लांब रायफल उभ्याने नेम धरताना कमी डुलते, हेही खरे. वाघ-हत्तींच्या काळातल्या दुनळी रायफलींना २४ ते २६ इंचांच्या नळ्या ठेवूनही आटोपशीरपणा साधता येई, कारण त्यांत काडतूस भरणाऱ्या बोल्टच्या (खिटीच्या) मागेपुढे सरकण्याची जागा लागत नाही आणि तेवढे चार इंच एकूण लांबीतून वाचतात.

आमच्या सिंधुदुर्गात हा विषय निघतो तो शिकारीमुळे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली. पण रानडुकरांपासून भात आणि माड राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका घरोघरी आहेत आणि लांब नळी म्हणजे लांब मार ही समजूत त्यांच्याबाबतही घट्ट आहे. या बहुतेक छऱ्याच्या बंदुका. त्यांत पीळ नसतात. छरे किती पसरतात ते नळीच्या तोंडाशी किती आवळले आहे, म्हणजे चोक किती आहे, त्यावर ठरते. नळी २६ इंचांची की ३० ची, याने त्यात फारसे काही होत नाही. माझे हे पत्र वाचून कोणी उलट्या बाजूने उत्साही होऊन करवत हातात घेऊ नये, म्हणून हेही सांगतो: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवानगीवाचून बंदुकीची नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग बंदूक स्वतःच्या परवान्यावरची का असेना.

आता राहता राहिली लेखकांची २६ इंची रायफल. तिच्यात कोणते काडतूस पडते, हे त्यांनी लेखात कुठेही लिहिलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने तेवढीच एक माहिती लेखात असायला हवी होती. ते .३०८ असेल तर त्या झाडीसाठी त्यांनी २० किंवा २२ इंची रायफल मागून घ्यावी; .३०० मॅग्नम असेल तर नळी आहे तीच ठेवावी आणि सत्तर पावलांवरच्या हरणासाठी एवढी दारू कशाला, हे यजमानांना विचारावे. दोन्हीपैकी काहीही असले तरी छायाचित्रात त्यांच्या कानांवर काही दिसत नाही. ते मात्र पुढच्या मोसमाची वाट न पाहता घ्यावे.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग