टॅलेंट होतं हो, पण पोट सुटलं त्याचं काय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पोरांनी आणि पोरींनी दोन्ही फायनल नेपाळला हरवून जिंकल्या, दोन्ही कॅप्टन म्हणजे प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राचे, आणि तेव्हापासून आमच्या जुन्या कॉलेज टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जी जाग आलीय ती अजून झोपायला तयार नाही. एरवी गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाचे केक यापलीकडं तिथं काही नसायचं. आता रोज कुणीतरी जुना फोटो टाकतं, लाल मातीनं माखलेले गुडघे, मापाच्या बाहेरचे ट्रॅकसूट, आणि खाली ठरलेली कॉमेंट : आपल्या काळात मॅट आणि टीव्ही असता तर आपण कुठल्या कुठं असतो.

असतो का? याच प्रश्नावरून हे पत्र लिहायला घेतलं.

मी नव्वदीच्या शेवटी शेवटी शिवाजी विद्यापीठाच्या झोनल, इंटरझोनल म्हणजे कॉलेजा-कॉलेजांच्या स्पर्धा खेळलेला माणूस. युनिव्हर्सिटीचा कलर, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान, मिळाला, ब्लेझर अजून कपाटात आहे, बटण लागत नाही. मी स्वतः बरा होतो, फार नाही. पण माझ्याबरोबर जे गडी खेळले त्यातले दोन-तीन असे होते की आजही डोळ्यासमोर येतात. एक शिराळ्याकडचा होता. तो पळायला उतरला की समोरच्या टीमचा कोच उठून उभा राहायचा. खो-खोत आक्रमकाला, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला, एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही आणि मधली रेषा ओलांडता येत नाही, पळणाऱ्याला मात्र कसंही जाता येतं, हे पुस्तकातलं सगळ्यांनाच माहीत असतं, पण हा गडी आक्रमकाला आधी जवळ येऊ द्यायचा, इतका जवळ की बोटं बनियनला लागतायत असं वाटायचं, आणि मग खांदा एका बाजूला पाडून बसलेल्या दोघांमधनं दुसऱ्या बाजूला. आक्रमक तसाच पुढं वाहत जायचा. एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या एकेकाच्या मधनं नागमोडी पळताना, तर त्याला बाद करणं म्हणजे नशिबाचाच भाग. आणि प्रॅक्टिस? प्रॅक्टिसला हा सगळ्यात शेवटी यायचा, वॉर्मअपच्या वेळी बुटाची नाडी बांधत बसायचा आणि मॅचच्या आधी स्टँडवर मिसळ खाऊन यायचा. सर ओरडायचे, मग मॅच व्हायची, मग सर गप्प.

दुसरा मिरजेचा, खांबावरचा, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या खांबापाशी गडी बाद करणारा. त्याचा सूर बघायला बाकीच्या कॉलेजची पोरं मैदानाच्या कडंला येऊन बसायची. उंची साडेपाच फुटाच्या आत, पण खांबाला एक हात घालून असा आडवा व्हायचा की पळणारा खांब सोडून चार पावलं पुढं गेलेला असला तरी बाद. सगळं मातीवर बरं का, मॅट नव्हती. कोपराची सालटी निघायची आणि हा त्यावर माती चोळून परत बसायचा.

आज त्या दोघांचं काय चाललंय? शिराळ्याच्या गड्याला पस्तिशीत शुगर निघाली, आता वजन नव्वदच्या पुढं आहे आणि घरचा जिना चढताना मधे थांबतो. मिरजेचा दुकान सांभाळतो, गुडघे गेलेत. दोघांचाही गावात मान आहे, जत्रेत सत्कार होतो, नारळ मिळतो. पळणं बंद होऊन वीस वर्षं झाली.

आणि तिसरा एक होता, त्याच्याबद्दल कुणीच फोटो टाकत नाही कारण तो फोटोत बहुतेक वेळा कडंला उभा आहे. कायमचा राखीव. मैदानात फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायला पहिला, पाण्याच्या बाटल्या भरायला पहिला, आणि प्रॅक्टिस संपल्यावर एकटाच स्टेडियमच्या पायऱ्या चढ-उतार करायचा. आम्ही हसायचो त्याला. तो आज सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून उतरतो आणि रात्री ग्रुपवर टायमिंग टाकतो, कुणी फारसं लाइक करत नाही हा भाग वेगळा.

यावरून लगेच मेहनत विरुद्ध टॅलेंट असलं भाषण मी देणार नाही, तुमच्या पेपरात ते दर रविवारी छापून येतंच (राग मानू नये). मला वेगळंच वाटतं. ज्याच्या अंगात खेळ उपजत असतो त्याला व्यायाम म्हणजे काय हे कधी कळतच नाही. त्याच्यासाठी पळणं म्हणजे समोर कुणीतरी हरवायला असणं, बाजूला पोरं ओरडत असणं, सरांची शिट्टी असणं. कॉलेज सुटलं की हे सगळं एका झटक्यात बंद होतं. सकाळी सहाला एकट्यानं कॅनॉलच्या कडंनं चालत जायचं, कुणी बघणार नाही, कुणाला हरवायचं नाही, यात त्याला काही मजाच वाटत नाही. आणि आतून लाज पण वाटते, हे कुणी बोलत नाही. जो माणूस सगळ्यांच्या हाताला न लागता पळायचा त्यानं आता पोट सांभाळत दुडक्या चालीनं गावातनं जायचं, लोक बघणार, नको त्यापेक्षा. राखीव गड्याला असली लाज नव्हती, तो पहिल्यापासून एकट्यानंच पळत होता.

त्यात भूक. खेळताना जो आहार लागतो तो सुटत नाही. चार भाकऱ्या खाणारा माणूस ऑफिसात बसायला लागला तरी चार भाकऱ्याच खातो, वर चहा-बिस्किटं वाढतात.

आमच्या ग्रुपवर एक जण फिजिओथेरपिस्ट झालाय, त्यानं यावर एक जुनी गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. अमेरिकेत हार्वर्डमधनं शिकून बाहेर पडलेल्या जवळजवळ १७ हजार पुरुषांची माहिती राल्फ पॅफेनबार्गर नावाच्या डॉक्टरनं गोळा केली आणि १९७८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. आठवड्याला साधारण दोन हजार कॅलरी हालचालीत घालवणाऱ्यांपेक्षा त्याहून कमी हलणाऱ्यांमध्ये हार्ट अ‍ॅटॅकचा धोका ६४ टक्के जास्त निघाला. पण आपल्या कामाचा मुद्दा पुढचा आहे. कॉलेजच्या टीममधनं खेळलेले असणं याचा काही उपयोग दिसला नाही, जर नंतर माणूस हालचाल करत राहिला नसेल तर. म्हणजे तुमचा तो कलर, ते ब्लेझर, ते मेडल, हृदयाच्या हिशोबात शून्य. आणि जो कॉलेजात कधी मैदानावर फिरकला नाही पण नंतर चालायला-पळायला लागला, त्याला फायदा मिळाला. हा डॉक्टर स्वतः पंचेचाळिशीच्या आसपास पळायला लागला आणि नंतर मॅरेथॉन पळाला, नुसता सांगणारा नव्हता.

दुसरा प्रयोग डॅलसचा. १९६६ साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे बेडवर झोपवून ठेवलं आणि त्यांचा दम मोजला. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत आल्यावर परत मोजला, तर तीस वर्षांच्या वयानं जेवढी घट केली होती त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं जास्त केली होती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं-पळणं-सायकल असं करायला लावलं, आणि वयानं गेलेला दम परत आला. हे ग्रुपवर टाकल्यावर शिराळ्याच्या गड्यानं फक्त अंगठा टाकला. पण दोन दिवसांनी मला पर्सनलवर विचारलं की पळायचं का नुसतं चाललं तरी चालतं.

चाललं तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हे दुसरं आपले लोक सोडूनच देतात. तिशीनंतर स्नायू दर दशकाला थोडे थोडे कमी होत जातात, आणि त्यातही झटक्यात पळायला, उडी मारायला लागणारे जे वेगवान तंतू असतात ते आधी. म्हणजे आमच्यासारख्या खो-खो, कबड्डीवाल्यांचं जे भांडवल तेच पहिलं जातं.

पण डोक्याला ते कळत नाही ना. माजी विद्यार्थी मेळाव्यात आमची एक दोस्ती मॅच ठेवली होती. सगळे चाळिशी पार, टी-शर्टवर नाव-नंबर छापून आणलेले, फोटो झाले, भाषणं झाली, आणि वॉर्मअप न करता थेट टॉस. पहिल्याच टर्नला, म्हणजे पाठलागाच्या पाळीला, मिरजेच्या खांबवाल्यानं सवयीनं सूर मारला. मन विशीतलं, पोट पंचेचाळिशीतलं. तो खांबाला लागलाच नाही, अलीकडंच आपटला. आणखी एक जण झटक्यात वळला आणि मांडी धरून तिथंच बसला, हॅमस्ट्रिंग गेला. नऊ मिनिटांचा टर्न चार मिनिटांत थांबवला आणि सगळे जेवायला गेले. जेवण छान होतं. राखीव गडी मात्र त्या दिवशी न थांबता पळत होता आणि त्याला कुणी बाद करू शकलं नाही, कारण बाद करायला पळणारं कुणी उरलंच नव्हतं.

आता ज्या कारणासाठी खरं पत्र लिहितोय ते. आमच्या वेळी कॉलेजच्या मुलींची टीम आमच्यापेक्षा चांगली होती, हे आम्ही तेव्हाही मान्य करायचो, जरा तोंड वाकडं करून. त्यातली एक पाठलागाला उतरली की मागून नुसता खो खो खो असा एकच आवाज यायचा, बसलेली उठते कधी आणि पुढची पळते कधी कळायचं नाही. त्यातल्या आज किती जणी मैदानावर येतात? माझ्या माहितीत एकही नाही. आमच्यासारखं त्यांचं आळसानं सुटलं नाही. लग्न झालं, गाव बदललं, पोरं झाली, आणि सकाळी सहाला रस्त्यावर ट्रॅकपँट घालून एकटीनं पळायचं म्हणजे कुत्री आणि माणसं दोन्हींचा त्रास. त्यातल्या एकीनं मला स्पष्ट सांगितलं, दादा, मला जिम नको, मला मैदान पाहिजे, चार जणी पाहिजेत आणि कुंपण पाहिजे. माण तालुक्यातली ललिता बाबर पण आधी खो-खोच खेळायची, मग पळायला लागली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलपर्यंत गेली. तेवढं सगळ्यांना जमणार नाही आणि कुणी मागतही नाही, सकाळचा एक तास मागतायत.

तो तास मिळत नाही, कारण मैदानाला कुलूप. माझ्याच भागातल्या एका कॉलेजचं नाव घेत नाही, तिथं चारशे मीटरचा ट्रॅक आहे, विद्यार्थी दहाला येतात, म्हणजे सकाळी पाच ते नऊ तो ट्रॅक गवताला मोकळा. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं की बाहेरच्यांना परवानगी नाही, जबाबदारी कुणाची. बाहेरचे? त्या मैदानाचा पहिला रोलर आम्ही ओढलाय. तेच मैदान लग्नाला, प्रदर्शनाला आणि सभेला मात्र मिळतं, तेव्हा जबाबदारीचा प्रश्न येत नाही, आणि मांडवाचे खड्डे नंतर पोरांच्या घोट्यात जातात.

खेळाडूंच्या नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, ग्रेस मार्क यावर बोलायला सगळे आहेत, बोलावंच. पण खेळ संपलेल्या माणसाचं काय यावर कुठल्याच कागदावर एक ओळ नाही. बीडचा अविनाश साबळे आर्मीत वजन वाढलेला जवान होता, तीन महिन्यांत वीस किलो उतरवून परत पळायला लागला आणि २०२२ च्या कॉमनवेल्थला केनियावाल्यांच्या मधे घुसून सिल्व्हर घेऊन आला. त्याला आर्मीचं मैदान होतं, कोच होता, बरोबर पळणारे होते. आमच्या शिराळ्याच्या गड्याला काय आहे? जत्रेतला नारळ.

तेव्हा संपादक साहेब, तुमच्या क्रीडा पानावर खेळाडू एक तर जिंकल्यावर येतो नाहीतर निधन वार्तेत, मधल्या चाळीस वर्षांसाठी पण आठवड्याला एक कोपरा ठेवा. तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना एवढंच विचारायला सांगा की आपल्या भागातलं कुठलं शाळा-कॉलेजचं मैदान सकाळी गावाला उघडं असतं आणि कुठलं नाही, आणि ती यादी छापा. पेपरात नाव आलं की कुलपं उघडतात हा आमचा अनुभव आहे. कॉलेजांनी माजी खेळाडूंना ओळखपत्र द्यावं, वर्षाला थोडी फी घ्यावी, हमीपत्र लिहून घ्यावं, आम्ही देतो. बायकांसाठी आठवड्यातले तीन दिवस वेगळे ठेवावेत. फक्की, शिट्टी आणि पाण्याचे कॅन आम्ही आणू, राखीव गड्यानं ती जबाबदारी आधीच घेतलीय. शिराळ्याचा गडी पण येतो म्हणालाय, फक्त लवकर उठायला जमेल का ते बघतो म्हणतोय.

आपला नम्र,
एक माजी खो-खो खेळाडू, सांगली