पॅड धरणाऱ्या क्रूंना, म्हणजे मुए थाई या लाथा-ठोशांच्या थाई खेळाच्या गुरुजींना

आदरणीय क्रू,

थायलंडच्या सुरिनचा बुआकाव के-वन मॅक्स ही किकबॉक्सिंग स्पर्धा दोनदा जिंकला. खोन केनच्या सोमराकने १९९६ साली अटलांटात बॉक्सिंगमध्ये थायलंडला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. ईसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या, भातशेतीवर जगणाऱ्या घरांतली पोरं ही नावं ऐकून सरावाच्या कॅम्पवर येतात. नावं सगळ्यांना पाठ असतात, त्यांचे फटके झेलायला हातात गादीसारखे पॅड कोण धरत होतं हे कुणी विचारत नाही. हे पत्र त्या माणसाला आहे.

२८ किलोच्या पोरासाठी तुम्ही गुडघ्यावर बसता. उभं राहून पॅड धरलं तर पोर उंची गाठायला टाचा उचलतं, कंबर फिरवायचं विसरतं आणि तिरपं होतं. लाथेसाठी दोन्ही पॅड एकमेकांना चिकटलेले, कोपरं बरगड्यांशी, आणि नडगी टेकते त्या क्षणी चार बोटांएवढाच पुढे रेटा. पॅड ढिला राहिला तर लाथ आरपार जाते आणि गुडघ्याला हिसका बसतो. उलट तुम्हीच पॅड जोरात आदळला तर पोराचा घोटा दुखावतो. पाय मूळ जागी परत येईपर्यंत तुम्ही पुढचा पॅड दाखवत नाही, ते तर आम्ही जसंच्या तसं उचललं. मुए थाईच्या गुणांकनात ठोशापेक्षा अंगावर बसलेल्या लाथेला आणि गुडघ्याला जास्त किंमत, पण मारणाराच डळमळला तर ती किंमत उतरते.

क्लिंचची, म्हणजे मान-खांदे धरून उभ्याने झुंजायची, जोडी तुम्ही वयावर लावत नाही, वजनावर लावता. आधी नखं तपासता, मग कातडी. एकाला नायटा झाला तर आठवड्यात निम्म्या कॅम्पला होतो, म्हणून त्या पोराला बरं होईस्तोवर फक्त दोरी आणि बॅग. नडगी कणखर करायला बाटली फिरवण्याचा खुळा प्रकार आमच्याकडेही आला होता; तुमच्याकडे नडगी घडते ती जड बॅगवर, महिनोन् महिने, हळूहळू. ताज्या मुक्या मारावर मालिशचं तेल चोळायचं नाही, पहिले दोन दिवस बर्फ. चोळलं की साकळलेलं रक्त आणखी पसरतं.

सगळ्यात मोठे आभार मात्र वजनकाट्यासाठी. लढत ठरली की लहान पोराला प्लॅस्टिकचा सूट घालून पळवायचं, पाणी तोडायचं, थुंकायला लावायचं, हे किती ठिकाणी चालतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. ३० किलोच्या अंगातून ६०० ग्रॅम पाणी गेलं की दोन टक्के गेले. तिथून पुढे पायात गोळे येतात, भान मंदावतं, आणि अशा अवस्थेत डोक्यावर बसलेला फटका जास्त धोक्याचा. तुम्ही पोराच्या आहे त्या वजनाचा प्रतिस्पर्धी शोधता, नाही मिळाला तर लढत सोडता. घामाने वजन उतरलंच तर एक किलोमागे दीड लिटर पाणी, मीठ-साखर घालून, घोटाघोटाने. एकदम ढोसलं की उलटी होते आणि पाणीही जातं.

हेडगार्डवर तुमचा भरवसा नाही, तो बरोबरच आहे. त्याने भुवई फुटायची वाचते, कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. २०१८ मध्ये थायलंडच्या समुत प्राकानला लढतीनंतर १३ वर्षांचा मुलगा मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. बारा वर्षांखालच्यांच्या लढतींवर बंदीची मागणी तेव्हा जोरात झाली. १९९९ च्या थाई कायद्यात पंधरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आहे, पण ज्या घराला लढतीच्या पैशांची गरज आहे त्या घराची संमती कितपत मोकळी? तुमचा नियम जास्त कडक: सरावात लहानांच्या डोक्याला हात लावायचा नाही, डोक्याच्या फटक्याने पडलेलं पोर महिनाभर रिंगणात नाही. उलटी झाली, पेंगायला लागलं किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली तर पैज लावणारे काहीही ओरडोत, गाडी थेट रुग्णालयाकडे.

आमच्याकडे जत्रेत पोरं रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरुवात करतात, तशी तुमच्याकडे देवळाच्या जत्रेतली लढत. फरक इतकाच की तिथे काहीशे बाटही (थाई चलन) घरच्या हिशेबात धरलेले असतात. बक्षिसाचा निम्मा वाटा कॅम्पचा, ही रीत आम्हाला खटकते. पण जेवण, राहणं, औषध, गाडीभाडं कुठून येतं हे पाहिलं की ती समजते. तुम्ही वहीत प्रत्येक पोराचं पान वेगळं ठेवता आणि पानावर आईचा अंगठा किंवा सही घेता. एवढी वही बऱ्याच मोठ्या कॅम्पांत सापडत नाही.

शाळेसाठी तुम्ही पहाटेचं धावणं लहानांना निम्मं केलंत, म्हणजे वर्गात पोर झोपत नाही. नववीनंतर सक्तीचं शिक्षण संपतं आणि तिथेच गळती लागते. बँकॉकच्या राजादम्नेर्न नि लुंपिनी या मोठ्या स्टेडियमपर्यंत पोचणारे थोडेच, आणि पोचलेल्यांचीही कारकीर्द पंचविशी-तिशीत उतरणीला लागते. म्हणून मोठ्या पोरांना तुम्ही पॅड धरायला शिकवता, शिवाय टाके कसे बघायचे, हाताच्या पट्ट्या कशा बांधायच्या. साडेचार मीटरची पट्टी, मनगटाला आधी तीन फेरे, मग बोटांच्या पेरांवर, मूठ मिटून घट्टपणा बघायचा. बोटं निळी पडली तर पुन्हा सोडायची. या कामावर पुढे पोट भरता येतं.

एक विनंती. सलग पाच पोरांचे पॅड धरू नका, मध्ये एक फेरी मोठ्या पोराच्या हाती द्या. तुमच्या डाव्या खांद्याला विश्रांतीही मिळेल, त्याचा सरावही होईल. कोपराचे आधारपट्टे टपालाने पाठवले आहेत, दोन मापांचे.

आपले,
मुए थाई शिकवणारे काही मराठी प्रशिक्षक