मैदानाची मुदत फायलीतच संपते

महोदय,

गेली 22 वर्षे मी नगरपालिकेच्या बाजूने दिवाणी दावे लढवतो आहे. एक दुखणे पुन्हा पुन्हा समोर येते. विकास आराखडा अंमलात आल्यावर 10 वर्षांत मैदानासारख्या सार्वजनिक कामासाठी आरक्षित ठेवलेली खासगी जागा नगरपालिकेने घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. मग 24 महिन्यांत भूसंपादनाची ठोस पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. यात मालकाचा दोष नाही; त्याने तरी किती वर्षे थांबायचे?

मैदानासाठी आरक्षित जागेची अशीच एक फाईल माझ्याकडे आली ती मुदत उलटून गेल्यावर. नोटिशीवर आवक शिक्का होता, खाली शेरा : ‘चर्चा करावी’. चर्चा झालीच नव्हती. जागा पाहायला गेलो, तर मुले विटांचे स्टंप रचून खेळत होती. त्यांची बाजू मांडायला माझ्या हाती काहीच उरले नव्हते.

मुख्याधिकाऱ्यांना कळकळीची विनंती : अशी नोटीस त्याच आठवड्यात वकिलाकडे पाठवा, मुदतीची तारीख फाईलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहा आणि अंदाजपत्रकात भूसंपादनाचे पैसे आधीच बाजूला काढा.

– एक दिवाणी वकील