कॅन्सरच्या रीलखाली 15 टक्के सूट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की माझा फोन गुलाबी होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, त्यामुळे दर दुसऱ्या रीलमध्ये गुलाबी रिबीन, गुलाबी ड्रेस, गुलाबी डबीतलं काहीतरी. पूर्वी मी हे सगळं अंगठ्याने वर सरकवून मोकळी व्हायचे, पण गेलं वर्ष आमच्या घरात वेगळं गेलं म्हणून हे पत्र. लांबेल थोडं, काटछाट करायची तर करा पण मधला डबीचा किस्सा तेवढा ठेवा.

माझी धाकटी जाऊ, वय 41. गेल्या वर्षी श्रावणात तिला डाव्या बाजूला गाठ लागली, बायोप्सी झाली, रिपोर्ट आला आणि घरात एकदम सगळे हळू आवाजात बोलायला लागले. शेजारी सांगितलं थायरॉईडचं ऑपरेशन आहे. तिच्या माहेरी सुद्धा महिनाभर तेच सांगितलं, सासूबाई म्हणाल्या मुलगी लग्नाची व्हायचीय, नाव काढू नका. म्हणजे जिला आजार झाला तिला बोलायला घरात मी आणि भाऊजी, बाहेर कुणी नाही. मग ती रात्री दिवा बंद करून कानात इअरफोन घालून रील बघायला लागली.

आणि हे मी आधीच सांगून टाकते, त्या रीलांनी तिला उभं केलं. एक मराठी मुलगी आहे, तिशीतली, स्वतः केमो घेतलेली, नाव लिहीत नाही कारण तसं करणारी ती काही एकटी नाही. तिने केस गळायच्या आधीच कॅमेऱ्यासमोर मशीन फिरवून घेतलं, हसत होती, मधेच रडली, परत हसली. माझ्या जावेने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल देव जाणे, आणि एका रविवारी मला म्हणाली ताई, माझे पण आपणच काढू, गळायची वाट नको बघायला. भाऊजींच्या ट्रिमरने मीच काढले, मोरीत बसून. तोंड आलं की काय खायचं, टोपी सुती घ्यायची, लाल औषध चढवल्यावर लघवी लाल होते त्याला घाबरायचं नाही, हे सगळं तिला डॉक्टरांच्या आधी त्या मुलीने सांगितलं. ओपीडीत डॉक्टरांना एका पेशंटला किती वेळ मिळतो ते तिथे बसलेल्या सगळ्यांना माहितीय. सोनाली बेंद्रेने 2018 मध्ये बिनकेसांचा फोटो टाकला, हिना खानने 2024 मध्ये तिसऱ्या स्टेजचं जाहीर सांगितलं, आपले शरद पोंक्षे त्यातून बाहेर येऊन परत रंगभूमीवर उभे राहिले आणि त्यावर मोकळेपणाने बोलले, ह्या सगळ्यांमुळे आमच्यासारख्या घरात निदान तो शब्द उच्चारायची सोय झाली. तेव्हा आजारपणाचं भांडवल करतात वगैरे जे सरसकट बोललं जातं त्यात मी नाही.

आता डबी.

चार लाल औषधाच्या केमो झाल्या, दर 21 दिवसांनी. मग दर आठवड्याची दुसरी सुरू झाली, ती 12 वेळा. आम्ही पुण्याला जायचो, साताऱ्याहून पहाटेची गाडी, आदल्या दिवशी इथेच रक्त तपासायचं आणि रिपोर्ट घेऊन जायचं. सहाव्या वेळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि पेन खाली ठेवलं. लिव्हरचं एसजीपीटी, जे साधारण 40 च्या आसपास हवं, ते 200 च्या वर. म्हणाल्या आज केमो नाही देता येणार, घरी वेगळं काही सुरू केलंय का, काढा, चूर्ण, गोळ्या? भाऊजी ठामपणे नाही म्हणाले, कारण त्यांना खरंच माहिती नव्हतं. मी जावेकडे बघितलं तर ती पर्सच्या चेनशी चाळा करत होती. मग तिने हळूच डबी काढून टेबलावर ठेवली. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, त्यात मिरीचा अर्क, झाकणावर सोनेरी पान. दिवसाला दोन. 1,899 ची डबी, कोड टाकला की 15 टक्के कमी, आणि तो कोड त्याच मुलीचा.

बाईंनी डबी फिरवून मागचं बारीक अक्षर सगळं वाचलं, मला त्यांचं कौतुक वाटलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या ह्याच्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, केमोनेही होतं, पण मिरीच्या अर्काने ही हळद अंगात भाजीतल्या हळदीच्या कितीतरी पट शोषली जाते, अशा कॅप्सूलने लिव्हरला त्रास झालेले लोक आहेत, आणि हे सगळं तुमच्या औषधाशी काय खेळ करेल ते आम्हाला न सांगता तुम्ही ठरवू नका. आमटीत भाजीत घाला हवी तेवढी. दोन आठवडे केमो पुढे गेली. परतीच्या गाडीत भाऊजी एक शब्द बोलले नाहीत आणि ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला म्हणाली, ताई ती घेते म्हणून घेतलं, ती तर बरी झाली ना.

संपादक साहेब, माझं जे काही म्हणणं आहे ते ह्याच वाक्यापाशी आहे. साबणाची जाहिरात करणारी नटी तोच साबण लावते असं आम्ही कुणीच धरून चालत नाही, एवढी अक्कल आहे. पण कॅन्सरमधून गेलेली मुलगी जेव्हा आपल्या वाढत्या केसांवरून हात फिरवत सांगते की ह्या सगळ्या प्रवासात मला ह्याची साथ होती, तेव्हा तिचे ते बोटभर केसच पुरावा असतात. ऑपरेशन, केमो, रेडिएशन ह्यांना कुणाचा कोड नसतो ना, म्हणून ते रीलच्या शेवटच्या पाच सेकंदात येत नाहीत, येते ती डबी. आणि बघणारी माझ्या जावेसारखी रात्री दीड वाजता पांघरुणात असते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडीला किंमत लावून विकतात.

त्यात गंमत अशी की ही मंडळी बरं होतं असं कधीच म्हणत नाहीत. पुतण्याला विचारलं, तो वकिलीचं शिकतोय, त्याने सांगितलं की 1954 चा कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या जाहिरातींवरचा, त्याच्या यादीत कॅन्सर आहे, म्हणजे अमुक घेतल्याने कॅन्सर बरा होतो अशी जाहिरातच करता येत नाही. म्हणून शब्द कसे, इम्युनिटी, वेलनेस, हीलिंग, आतून ताकद. बाकीचं बघणारीने आपल्या मनाने भरायचं. आणि आपण भरतो!

दुसरी गोष्ट त्यानेच दाखवली. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम काढलेत. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर ती जाहिरात आहे हे सरळ सांगा, व्हिडिओ असेल तर दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं, नजरेतून सुटणार नाही असं हवं, आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत हवं. आता तुम्ही कुठलाही असला मराठी रील उघडा. सख्यांनो, तायांनो, माझ्या लढवय्या मैत्रिणींनो, सगळं गोड मराठीत, आणि पेड पार्टनरशिप तेवढं इंग्रजीत, वर कोपऱ्यात, मुंगीएवढं. तोंडाने तर कुणी म्हणतच नाही. माझ्या जावेला वाटलं ते त्या मुलीच्या अकाउंटचं नाव आहे, शप्पथ. दिशाभूल झाली तर ब्रँडबरोबर शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड आहे आणि परत केलं तर 50 लाखांपर्यंत, 2019 च्या ग्राहक कायद्यात लिहिलंय, पण तक्रार करणार कोण, जी केमोच्या खुर्चीत बसलीय ती?

लोक म्हणतील खोटे लोक सगळीकडे असतात. खोट्यांचं मला माहितीय. ऑस्ट्रेलियातल्या बेल गिब्सनने मेंदूचा कॅन्सर झालाय असं सांगून खाण्यापिण्याचं ॲप विकलं, पुस्तक विकलं, 2015 मध्ये कबूल केलं की कॅन्सर नव्हताच, 2017 मध्ये कोर्टाने 4 लाख 10 हजार डॉलर दंड केला. आपल्याकडे पूनम पांडे फेब्रुवारी 2024 मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने एक दिवस वारली आणि दुसऱ्या दिवशी जिवंत झाली, का तर म्हणे जागृती. ते उघडं तरी पडलं. मी ज्या मुलीबद्दल लिहितेय ती खोटी नाही, तिचा आजार खरा, डाग खरे, रडणं खरं आणि शेवटचे पाच सेकंद विकत घेतलेले. हे उघडं पाडायला कुणी पत्रकार जाणार नाही कारण पाडण्यासारखं खोटं त्यात सापडतच नाही.

पैसे न घेता सुद्धा किती नुकसान होतं ते नवज्योत सिंग सिद्धूंच्या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर बघितलंय. नोव्हेंबर 2024, बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब आणि साखर बंद ह्याने गेला म्हणून ते बोलले. बायकोचं ऑपरेशन झालेलं, केमो रेडिएशन झालेलं, पण ते कोण फॉरवर्ड करतंय. टाटा हॉस्पिटलच्या आजी-माजी 262 डॉक्टरांना सह्या करून सांगावं लागलं की बाबांनो ह्याला पुरावा नाही, उपचार सोडू नका. मग सिद्धूंनी पण खुलासा केला की हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चाललं होतं. लिंबूपाणी आमच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकलं. 262 सह्यांचं पत्र एकानेही नाही.

आता म्हणाल त्या मुलीने खायचं काय. हे मलाही कळतं. आजारात नोकरी जाते, विमा अर्ध्यात संपतो, स्कॅन होतच राहतात, आणि तिच्या हातात विकण्यासारखं काय असेल तर ते फॉलोअर्स. टोपी विक, विग विक, ऑपरेशननंतर घालायची मऊ ब्रा विक, उशी विक, खरंच विक, आम्हाला सातारच्या बाजारात तसली ब्रा मिळाली नव्हती, असल्याच एका लिंकवरून मागवली आणि चांगली निघाली. माझं भांडण पोटात जाणाऱ्या गोष्टींशी आहे. कॅप्सूल, पावडर, गव्हांकुराचा रस, लक्ष्मणफळाचा चहा, अल्कलाईन पाण्याचं मशीन. त्या मशीनवाल्याने तर घरी येऊन डेमो दिला, म्हणाला रक्त अल्कलाईन होतं मग कॅन्सर टिकत नाही. रक्ताचा पीएच शरीर आपलं आपण 7.35 ते 7.45 मध्ये धरून ठेवतं, पाणी कुठलंही प्या, हे माझ्या दहावीतल्या पोराने पाठ्यपुस्तक न उघडता सांगितलं, मशीनवाला चहा पिऊन गेला. आणि गव्हांकुराचा कच्चा रस, पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना, जेव्हा आम्हाला हॉस्पिटलमधून कच्ची कोशिंबीर सुद्धा बंद करायला सांगितली होती!

म्हणून मला ह्या मंडळींना एवढंच विचारायचंय, आजाराचं बोलाल त्या रीलमध्ये कोड का लागतो? उद्या वेगळा रील करा, पहिल्याच वाक्यात मराठीत म्हणा मैत्रिणींनो ही जाहिरात आहे, मला ह्याचे पैसे मिळालेत, तुमच्या डॉक्टरांना डबी दाखवा आणि मग घ्या. विक्री कमी होईल, होऊ दे की. आणि ब्रँडवाल्यांना विचारायचंय की तुम्ही निरोगी माणसं सोडून केमोतल्या बाईकडेच का जाता, पण त्याचं उत्तर त्यांना आणि मला दोघांना माहितीय.

जाता जाता, रागावू नका पण तुमच्याही रविवारच्या पुरवणीत हे असतं. अख्खं पान बातमीसारखं, तोच टाइप, अमुक आयुर्वेदिक सेंटरमध्ये तमुक बाईंनी कॅन्सरवर मात केली, हसरा फोटो, खाली फोन नंबर, आणि मार्केटिंग फीचर असे दोन शब्द जे वाचायला मला चष्मा पुसावा लागतो. हा परिच्छेद छापलात तर मानेन.

जावेच्या 12 केमो पूर्ण झाल्या, रेडिएशन पण झालं, आता रोजची एक गोळी चालू आहे. मी तिला म्हणलं होतं त्या मुलीला अनफॉलो कर. नाही केलं. म्हणाली, ताई तिला पण भीती वाटत असेल हो. मी मात्र त्या रीलखाली नीट शब्दांत लिहिलं होतं की ह्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा, आमच्याकडे असं असं झालं. दोन तास होती ती कमेंट. परवा त्या मुलीचा स्कॅन क्लिअर आला तर धाकटीने देवापुढे साखर ठेवली आणि मला बोलावून रील दाखवला. दोघी बघत होतो, ती मुलगी रडत होती, आमचेही डोळे भरले. शेवटी नवीन डबी आली, झोपेच्या गोळ्यांची, नैसर्गिक. ह्या वेळी 20 टक्के.

आपली,
एक वाचक, सातारा